झाकली मूठ आणि दुर्मीळ तबकडी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही 'दुर्मीळ तबकड्यांची कीर्ती' असे सांगितले. त्यावर चिटणीसांनी मोठ्या सौजन्याने विचारले, "यात ज्ञानेश्वरी कुठे बसते का?" बसत नाही, असे आम्ही कबूल केले. तेव्हा मागच्या आठवड्यात या व्यासपीठावरून जे ऐकलेत त्या उंचीचे आज काही मिळणार नाही. विषय बाजारातला आहे, जुन्या रेकॉर्डींचा आहे, आणि सुरुवात तर थेट अमेरिकेतल्या नाचाच्या गाण्यांपासून करावी लागणार आहे.

त्या गाण्यांना 'फंक' म्हणतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत हे संगीत घडवले. जेम्स ब्राऊन हा त्यातला बिनीचा शिलेदार, आणि त्याची १९६७ ची 'कोल्ड स्वेट' ही तबकडी या घराण्याची जन्मपत्रिका मानली जाते. त्याचे मर्म आपल्याला समजायला मुळीच अवघड नाही. त्यांच्या आधीच्या नाचगाण्यांत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आघात असे. ब्राऊनने सगळा भार पहिल्या मात्रेवर आणला. म्हणजे समेवर! ढोल, गिटार, भोंगे, सारे आपापल्या आडवाटेने हिंडतात आणि समेला एकत्र येऊन आदळतात. आपल्याकडे समेला मान डोलते, तिकडे कंबर हलते, एवढाच काय तो भेद.

त्या काळी अमेरिकेच्या गावोगावी असे वाद्यवृंद निघाले. पदरचे पैसे घालून दोनपाचशे लहान तबकड्या काढायच्या, गावच्या नभोवाणीला एक द्यायची, उरलेल्या नाचाच्या ठिकाणी विकायच्या. बहुतेक खपल्या नाहीत. पुढे पंचवीस-तीस वर्षांनी लंडनमध्ये त्यांचे शौकीन निघाले आणि ज्यांना कुत्रे विचारत नव्हते त्या तबकड्यांना सोन्याचा भाव आला. तेव्हापासून शौकिनांत एक वाद चालू आहे. या तबकड्या खरोखरच इतक्या चांगल्या आहेत, की मिळत नाहीत म्हणून चांगल्या वाटतात? आपल्या पूर्वजांनी या वादाचा निकाल एका ओळीत लावून ठेवला आहे: झाकली मूठ सव्वा लाखाची. पण निकाल असा एकतर्फी लावता येतो का, हे आज पाहायचे आहे.

प्रथम तबकडीची जात लक्षात घेऊ. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्यानंतर येथील चर्चच्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या, हे आपल्याला माहीत आहे. ती घंटा एकच असते. तिची दुसरी प्रत नसते आणि कोणी मागतही नाही. मूर्तीचे तसेच, चित्राचे तसेच. तबकडीचे तसे नाही. ती जन्मतःच अनेक व्हावी म्हणून काढलेली असते. एका साच्यातून हजार निघाव्यात, घरोघरी जाव्यात, हाच तिचा धर्म. १९०२ च्या नोव्हेंबरात गैसबर्गसाहेब यंत्र घेऊन कलकत्त्याला आला आणि गौहरजानचे गाणे मुद्रित झाले. ते साचे जर्मनीत हॅनोवरला जाऊन, तिथे तबकड्या निघून, आगबोटीने परत आले, ते काही एकट्या-दुकट्या रसिकाने कुलपात ठेवावे म्हणून नव्हे. तेव्हा घंटा एकच असणे हा तिचा स्वभाव आणि तबकडी एकच उरणे हा अपघात. त्या अपघाताचीच आपण कीर्ती गातो आहोत.

शिवाय अपघातही निरनिराळे असतात. काही तबकड्या दुर्मीळ झाल्या, कारण त्या कोणी घेतल्याच नाहीत. काही दुर्मीळ झाल्या, कारण त्या सगळ्यांनी घेतल्या आणि झिजवल्या. बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या घ्या. जुन्या बाजारात त्या वाटेल तेवढ्या दिसतात, भावही बेताचा. पण त्यांतली एक धड लावून पाहा! पोलादी सुई दर बाजूला बदलायची असे. ती दोन-दोन आणे वाचवण्यासाठी लोकांनी दहा-दहा वेळा चालवली, आणि खाचांची पार चाळण झाली. काळा रंग जाऊन तबकडी राखाडी होते. अशी राखाडी तबकडी दिसली की समजावे, हे गाणे कोणाच्या तरी गळ्यात उतरले आहे. बाजार मात्र राखाडी तबकडीला कवडी देत नाही आणि जी कोणी लावलीच नाही तिला 'अगदी नवी' म्हणून डोक्यावर घेतो.

आता कीर्ती कशी वाढते ते पाहू. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या सुमारास कूल हर्क नावाचा एक तरुण तबकड्या लावून लोकांना नाचवीत असे. तो आपल्या तबकड्या पाण्यात भिजवून त्यांवरचे कागदी लेबल काढून टाकी. का? तर प्रतिस्पर्ध्याला नाव कळू नये म्हणून. इंग्लंडच्या उत्तर भागातल्या नाचघरांत तर गाण्याला खोटे नाव देऊन ते वाजवण्याची रीतच पडली होती. हे ऐकून आपल्याला हसू आले असेल, तर जरा थांबावे. आपले खाँसाहेब काय करीत होते? चीज गाताना अस्ताई मोकळी गायची आणि अंतऱ्याचे शब्द तोंडातल्या तोंडात. समोर दुसऱ्या घराण्याचा बसला असेल तर ती चीजच काढायची नाही. मुलाला द्यायची, जावयाला द्यायची की नाही याचा विचार करायचा. लेबल भिजवून काढण्याचाच हा प्रकार. आणि त्यामुळे 'अमक्यांकडे अमुक रागाची अशी चीज आहे म्हणे' या 'म्हणे'वर पिढ्यान्‌पिढ्या कीर्ती चालत राहिल्या. ऐकली कोणीच नव्हती, मग वाईट म्हणणार कोण?

ही मूठ आपल्याकडे एका वकिलाने उघडली. विष्णु नारायण भातखंडे. वकिली सोडून हा मनुष्य गावोगाव हिंडला, उस्तादांच्या मिनतवाऱ्या केल्या, शेकडो चिजा मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत छापून टाकल्या. कालपर्यंत जी चीज घराण्याची जहागीर होती ती कोणाही शाळकरी पोराला पुस्तक घेऊन वाचता येऊ लागली. यावर पुष्कळ ओरड झाली. तथापि परिणाम काय झाला? त्या पुस्तकांतल्या कित्येक चिजा आज कोणी गात नाही. त्या तिथेच पडून आहेत, कारण त्यांत मुळात काही नव्हते, त्या झाकलेल्या होत्या एवढेच. आणि ज्या खरोखर बांधेसूद होत्या त्या आज हजार गळ्यांतून फिरत आहेत आणि त्यांचे तेज कणभरही उणे झालेले नाही. ज्याला दुर्मीळपणाची परीक्षा पाहायची आहे त्याने ही पुस्तके उघडावीत. लंडनला जायची गरज नाही.

तबकड्यांच्या जगात छापील पुस्तकाचे काम पुनर्मुद्रण करते. त्याचे आपल्या मुंबईतले एक उदाहरण थोडे विस्ताराने सांगण्याजोगे आहे.

चरणजितसिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले वादक. गिटार, बास, पुढे विजेवर चालणारी निरनिराळी वाद्ये वाजवीत. १९८२ मध्ये त्यांनी जपानी कंपनीची तीन नवी यंत्रे जमवली आणि त्यांवर दहा राग वाजवून एक मोठी तबकडी काढली. 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' असे तिचे लांबलचक नाव. भैरव, ललित, भूप, तोडी, यमन, मालकंस वगैरे दहा राग, आणि खाली यंत्राचा एकसारखा ठेका. ती चालली नाही. शास्त्रीय संगीतवाल्यांनी ती हातात घेतली नसणार आणि नाचणाऱ्यांना हिंदी चित्रपटांची गाणी होतीच. पिकते तिथे विकत नाही, तसे झाले. पुढे वीस वर्षांनी, २००२ मध्ये, एदो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली. त्याने ती ऐकली आणि तो चाट पडला. कारण याच यंत्रांतल्या एका यंत्राच्या चमत्कारिक आवाजावर अमेरिकेतल्या शिकागो शहरात पुढे 'ॲसिड हाउस' नावाचा नाचसंगीताचा एक पंथ निघाला होता, आणि त्याचे आद्यपीठ समजली जाणारी 'फ्यूचर' या मंडळींची तबकडी होती १९८७ ची. म्हणजे मुंबईकर पाच वर्षे आधी! २०१० मध्ये बाउमनने ही तबकडी पुन्हा काढली आणि जगभर बोलबाला झाला की ॲसिड हाउसचा शोध मुंबईत लागला. चरणजितसिंगांना उतारवयात परदेशची आमंत्रणे आली, तिथल्या तरुणांसमोर त्यांनी ते दहा राग वाजवले. २०१५ मध्ये ते वारले.

मराठी मनुष्य म्हणून आम्हांलाही या बातमीने मूठभर मांस चढले. पण आमचा प्रश्न वेगळा आहे. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकली होती का? कशी ऐकणार, ती मुंबईतच कोणी ऐकली नव्हती. मग तिला त्या पंथाची आई कसे म्हणावे? फार तर दूरच्या गावी, कोणाला पत्ता नसताना जन्मलेली मोठी बहीण म्हणावे. 'आद्य' हे पद तिला तिच्या दुर्मीळपणाने मिळवून दिले. ती लाखभर खपली असती, तर लोकांनी तिला चित्रपटवाल्याची एक गंमत म्हणून सोडून दिले असते.

आणि संगीत म्हणून? आम्ही ती पुनर्मुद्रित प्रत पुष्कळदा ऐकली आहे. राग म्हणून पाहिले तर त्यात आरोह-अवरोह आणि चार ठरीव वाक्ये यांपलीकडे फारसे नाही. तोडीचा गंधार जिथे झुकायला हवा तिथे यंत्र त्याला झुकू देत नाही. ललित तर आम्हांला सोसवला नाही. पण भैरव लागला आणि खालचा तो एकसारखा ठेका चालू राहिला, की पाचव्या मिनिटाला माणूस त्यात बुडतो, हेही खरे. आमच्या घरातला बारा वर्षांचा मुलगा, ज्याला यातले एक नाव ठाऊक नव्हते, अभ्यास सोडून येऊन बसला. त्याला दुर्मीळपणाची बाधा झाली होती असे म्हणता येणार नाही. म्हणून आमचे मत असे की, या तबकडीभोवतीची कथा फुगलेली आहे, तबकडी फुगलेली नाही. मुंबईच्याच 'ॲटमिक फॉरेस्ट' या वाद्यवृंदाची १९८१ ची तबकडी अशीच बऱ्याच वर्षांनी परदेशात पुन्हा निघाली. ती ऐकल्यावर मात्र आम्हांला वाटले की मूठ झाकलेली होती तेच बरे होते. रसिकांनी आमच्याशी भांडावे.

येथे कोणी म्हणेल, पुनर्मुद्रण झाले की भाव पडत असतील, म्हणजे निकाल आपोआप लागतो. तसेही होत नाही. फ्रँक विल्सन नावाच्या गायकाची १९६५ ची एक तबकडी आहे. विल्सनने गायकी सोडून निर्माता होण्याचे ठरवले, तेव्हा कंपनीने त्या नमुन्याच्या प्रती मोडून टाकल्या. दोन उरल्या. त्यांतली एक २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना विकली गेली. आता गंमत पाहा. हेच गाणे १९७९ मध्ये इंग्लंडात रीतसर पुन्हा निघाले होते, कोणालाही किरकोळ किमतीत मिळत होते. म्हणजे पंचवीस हजार पौंड गाण्याचे नव्हेत, त्या वर्तुळाचे. आणि दुसरी गंमत याहून मोठी. त्याच्याही आधी ते गाणे एडी फॉस्टर अशा खोट्या नावाने चोरून छापले गेले आणि उत्तर इंग्लंडच्या नाचघरांतल्या गिरणी-कामगार पोरांनी ते डोक्यावर घेतले. त्यांना खरा गायक ठाऊक नव्हता, दोन प्रती ठाऊक नव्हत्या. पायांनी पसंत केले होते ते. किंमत आणि कीर्ती या दोन सख्ख्या जावा आहेत. एका घरात राहतात, पण चुली वेगळ्या.

उलट बाजूचा दाखला हवा असेल तर 'विन्स्टन्स' या अमेरिकन मंडळींचा घ्या. १९६९ मध्ये त्यांच्या एका गाण्याची तबकडी दहा लाखांवर खपली. तिच्या पाठीमागच्या बाजूला, भरतीला म्हणून, 'आमेन, ब्रदर' असा एक तुकडा भरला होता. त्यात ग्रेगरी कोलमन याने सहा-सात सेकंद एकट्याने ढोल वाजवला आहे. तेवढे सहा-सात सेकंद उचलून पुढे हजारो गाणी केली गेली. ही तबकडी दुर्मीळ कधीच नव्हती. लोकांच्या घरात पडलेली होती, फक्त उलटी करून कोणी लावली नव्हती. कोलमनला त्यापायी दमडी मिळाली नाही. २००६ मध्ये तो निराधार अवस्थेत वारला.

मग जे मुळीच नाही, त्याचे काय? भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांची एकही तबकडी नाही. अल्लादियाखाँसाहेबांचीही नाही. दुर्मीळपणाची याहून वरची पायरी कोणती? तरीही त्यांची कीर्ती आम्ही फुगलेली मानत नाही. आणि हा भक्तीचा भाग नव्हे. बुवांना साक्षीदार आहेत. बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव यांच्या गळ्यांत ती साक्ष मुद्रित झालेली आहे. खाँसाहेबांची साक्ष केसरबाईंनी आणि मोगूबाईंनी दिली आहे. ज्या दुर्मीळ वस्तूला साक्षीदार असतात ती वेगळी आणि जिला फक्त मालक असतो ती वेगळी.

केसरबाईंचे नाव निघाले म्हणून सांगतो. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉएजर नावाची दोन याने आकाशात सोडली. त्यांत पृथ्वीवरच्या संगीताची एकेक सोनेरी तबकडी आहे आणि तीत केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. ती घ्यावी असा आग्रह रॉबर्ट ब्राऊन या संगीततज्ज्ञाचा होता. पण तबकडी मिळेना. कंपनीने ती काढणे थांबवले होते. अखेर ॲन ड्रुयन या बाईंना न्यूयॉर्कच्या लेक्झिंग्टन ॲव्हेन्यूवर, एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या सामानाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात ती सापडली. तीन प्रती होत्या, तिन्ही न उघडलेल्या. ब्राऊनने ती निवडली तेव्हा ती मिळत नाही हे त्याच्या ध्यानीमनीही नसेल. कीर्ती आधी, शोधाशोध मागून. असे असावे.

आम्ही हे सगळे मोठ्या न्यायाधीशाच्या थाटात सांगत आहोत, तेव्हा आमचा स्वतःचा खटलाही सांगणे भाग आहे.

आगाशीकडे एका वाडीतले जुने घर पाडायचे ठरले. त्या जागी इमारत व्हायची होती; असे आता आपल्याकडे रोज होते, आणि माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात. घरचे गृहस्थ, रेल्वेतले निवृत्त कारकून, वर्षापूर्वी गेले होते. आम्हांला 'रेकॉर्डवाले' म्हणून चार लोक ओळखतात, म्हणून काकूंनी निरोप पाठवला. दोन पत्र्याच्या ट्रंका, दोनशेच्या आसपास तबकड्या. काकू म्हणाल्या, "यातल्या चांगल्या तेवढ्या तुम्ही बाजूला काढा. तुम्हांला कळतं. बाकीच्या भंगारवाला नेईल, दुपारी यायचाय तो."

आम्ही तीन तास ट्रंकांपुढे मांडी घालून बसलो. चौदा निवडल्या. एकीचेही गाणे ऐकले नाही, यंत्र बांधून ठेवलेले होते. लेबल पाहायचे, क्रमांक पाहायचा, 'ही मिळत नाही' असे मनाशी म्हणायचे आणि उजवीकडे ठेवायची. काकू म्हणाल्या होत्या 'चांगल्या', आम्ही ऐकले 'दुर्मीळ'. बाकीच्या, बालगंधर्व, दीनानाथ, हिराबाई, चित्रपटांतली गाणी, सगळ्या राखाडी झालेल्या, दुपारी हातगाडीवर गेल्या. चौदांचे मोल आम्ही काकूंना चोख दिले, तिथे लबाडी नाही. पण घरी आणून लावून पाहतो तर चौदांपैकी अकरा अगदी कोऱ्या. त्या गृहस्थांनी त्या कधी लावल्याच नव्हत्या. कोणा दुकानदाराने गठ्ठ्यात माथी मारल्या असाव्यात. ज्या त्यांनी चाळीस वर्षे ऐकल्या त्या आम्ही आमच्या हातांनी भंगारात घातल्या.

सहा महिन्यांनी वसई स्टेशनच्या पुलावर काकू भेटल्या. म्हणाल्या, "अहो, ते रोज सकाळी आंघोळीनंतर एक लावायचे, बाईच्या आवाजातली. नाव काही मला माहीत नाही. त्या तुमच्या चौदांत असेल ना? एकदा येऊन ऐकेन म्हणते." आम्ही म्हणालो, "शोधतो." गाडी आली, त्यांना बायकांच्या डब्यात चढायचे होते. त्यानंतर फोर्टातल्या फूटपाथवर आणि चोरबाजारात आम्ही बाईच्या आवाजातली जी जी राखाडी तबकडी दिसेल ती घेत आलो आहोत. ढीग झाला आहे. काकू दोनदा येऊन ऐकून गेल्या. ती अजून सापडलेली नाही.

दुर्मीळपणाच्या बाजूने बोलायचे एवढेच उरते की, त्याच्या नादाने हिंडणारी माणसे नसती तर पुष्कळ काही कायमचे गेले असते. १९९० मध्ये मुंबईत निघालेली भारतीय तबकडी-संग्राहकांची संस्था आणि तिचे चिटणीस सुरेश चांदवणकर यांनी याद्या केल्या, अंक काढले, जुनी गाणी लोकांपुढे बसून ऐकवली. त्यांच्यासारख्यांनी मूठ उघडण्यासाठीच बांधली. बाउमन मुळात आला होता तो शिकारीलाच, पण त्याने प्रत कुलपात ठेवली नाही. आमची तक्रार शिकारीबद्दल नाही. शिकार भिंतीवर टांगून तिच्याकडे बोट दाखवीत बसणाऱ्यांबद्दल आहे, आणि त्यांत आम्ही होतो.

आता बोलणे पुरे. या टेबलावर यंत्र आणले आहे आणि दोन तबकड्या. एक त्या चौदांपैकी आहे. तिच्यासाठी पुण्याच्या एका गृहस्थांनी आम्हांला जी रक्कम देऊ केली ती सांगितली तर मागच्या रांगेतली मंडळी उठून पुढे येतील. दुसरी फोर्टच्या फूटपाथवर वीस रुपयांना घेतली. दोहोंची लेबले आम्ही कागद चिकटवून झाकली आहेत. प्रत्येकी तीन मिनिटे लागतील. आवडेल तिला हात वर करावा. अध्यक्षमहाराजांनाही मत एकच. पंखे तेवढे जरा बंद करा, यंत्राचा आवाज बेताचा आहे.